बहिणीला परत कसं आणायचं? बर्नी बहिणींचा पत्रव्यवहार, १७९६ ते १८००

प्रकरण थोडक्यात

ऑक्टोबर १७९६ मध्ये सुझन फिलिप्स ही ४१ वर्षांची बाई नवऱ्यामागोमाग लंडन सोडून आयर्लंडला गेली. मनाविरुद्ध गेली. तिची थोरली बहीण फॅनी बर्नी तेव्हा इंग्लंडमधली नावाजलेली कादंबरीकार होती. राजवाड्यात तिचा वट होता, वडील लंडनच्या प्रतिष्ठितांत मोडत होते, भाऊ कर्तेसवरते होते. तरी सुझनला परत आणायला या कुटुंबाला तीन वर्षांहून अधिक काळ लागला, आणि ती निघाली तेव्हा इतकी आजारी होती की इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरून काही दिवसांतच, ६ जानेवारी १८०० रोजी, वारली.

या सगळ्या काळात दोघी बहिणींच्या हाती एकच साधन होतं, पत्र. ते कुठे उपयोगी पडलं, कुठे तोकडं पडलं आणि पुढे त्या पत्रांचं काय झालं, ते इथे मांडलं आहे.

अशा टिपणात नावं बदलायची रीत आहे. इथे तिची गरज नाही. माणसं जाऊन दोन शतकं उलटत आली, पत्रं छापून झाली. शिवाय ज्या माणसाला झाकायचं होतं त्याला घरच्यांनीच तेव्हा झाकलं, आणि ते झाकणं हाही या प्रकरणाचाच एक भाग आहे.

पार्श्वभूमी

डॉ. चार्ल्स बर्नी हे संगीतशिक्षक आणि संगीताचे इतिहासकार. पहिल्या बायकोपासून सहा मुलं जगली: एस्थर, जेम्स, फॅनी (जन्म १७५२), सुझन (जन्म १७५५), चार्ल्स आणि शार्लट. १७६२ मध्ये आई गेली. वडिलांनी एस्थर आणि सुझनला शिक्षणासाठी पॅरिसला नेलं, फॅनी घरीच राहिली. १७६७ मध्ये सावत्र आई आली. तिचं आणि या मुलांचं कधी फारसं जमलं नाही. आई नसलेल्या घरात फॅनी आणि सुझन एकमेकींच्या झाल्या त्या अशा.

फॅनीने पंधराव्या वर्षी आपलं तोवरचं सगळं लिखाण अंगणात जाळून टाकलं. मुलीच्या जातीने गोष्टी लिहिणं बरं नव्हे, या धाकापायी. शेजारी उभी राहून रडणारी एकच व्यक्ती होती, सुझन. हा प्रसंग फॅनीनेच पुढे सांगितला आहे. कागद जाळण्याचा, खोडण्याचा हा स्वभाव लक्षात ठेवावा, शेवटी तो पुन्हा भेटतो.

दोघींची पत्रं म्हणजे खुशालीच्या चार ओळी नव्हत्या. दिवसादिवसाची हकीकत, संवादासकट, पानंच्या पानं. १७७८ मध्ये फॅनीची पहिली कादंबरी निनावी निघाली. ती तेव्हा चेसिंग्टनला एका कुटुंबमित्राकडे होती, आणि लंडनमध्ये कोण काय म्हणतंय, वडिलांना गुपित कसं कळलं, वाचून ते कसे खूश झाले, हे सगळं तिला सुझनच्या पत्रांतून कळलं. जून १७८० मध्ये लंडनात कॅथलिकांविरुद्धची गॉर्डन दंगल पेटली तेव्हा फॅनी बाथला होती. बर्नींच्या सेंट मार्टिन्स स्ट्रीटवरच्या घराला छपरावर एक वेधशाळेची खोली होती (हे घर एकेकाळी न्यूटनचं). जवळच्याच एका न्यायाधीशाचं घर जमावाने फोडलं, सामान रस्त्यावर आणून पेटवलं, ते सुझनने डोळ्यांनी पाहिलं आणि बहिणीला लिहून कळवलं. माझ्या मते या बाबतीत सुझन थोरलीच्या तोडीची होती. तिचा कान पक्का होता, इटालियन ऑपेरातल्या गायकांबद्दल ती असं लिहायची की आजही संगीताचे अभ्यासक तिची पानं उलटतात.

१७८६ ते १७९१ फॅनी राणी शार्लटच्या पदरी होती, वर्षाला २०० पौंड पगारावर. काम राणीला कपडे चढवण्याउतरवण्याच्या वेळी हजर राहण्याचं, आणि वर एका खाष्ट वरिष्ठ बाईची मर्जी सांभाळण्याचं. त्या पाच वर्षांची दैनंदिनी तिने गठ्ठ्यागठ्ठ्याने सुझनकडे पाठवली. नोकरी सोडण्याचा विचारही आधी याच पानांत मुरला. १७९२ च्या शरद ऋतूत सुझन सरे परगण्यातल्या मिकलहॅमला राहत होती. फ्रान्समधून पळालेले काही सरदार शेजारच्या ज्युनिपर हॉलमध्ये उतरले, आणि त्यांतल्या अलेक्झांडर दार्ब्ले या अधिकाऱ्याची ओळख फॅनीला पहिल्यांदा झाली ती सुझनच्या पत्रांतून. जुलै १७९३ मध्ये दोघांचं लग्न झालं. कफल्लक, कॅथलिक, फ्रेंच जावई डॉ. बर्नींना पटला नाही, ते लग्नाला आले नाहीत. सुझनने मात्र बहिणीची साथ सोडली नाही.

थोडक्यात, फॅनीच्या प्रत्येक मोठ्या वळणावर सुझनचं पत्र होतं. सुझनच्या वळणावर तेच साधन उलट दिशेने चालवायची वेळ आली.

टपालाबद्दल दोन शब्द

हे समजल्याशिवाय पुढचं नीट कळत नाही. त्या काळी टपाल हशील बहुधा पत्र घेणारा भरायचा, आणि ते अंतरावर व कागदांच्या संख्येवर ठरायचं. म्हणून पाकीट वापरत नसत, कारण तो दुसरा कागद धरला जाई. एकच ताव भरगच्च लिहून, घडी घालून, लाखेने बंद करत. पार्लमेंटच्या सभासदाची सही मिळाली तर पत्र फुकट जाई. १७९५ मध्ये त्यावरही मर्यादा आली: एका सभासदाने दिवसाला दहा पत्रं पाठवायची आणि पंधरा घ्यायची, वजन एक औंसापर्यंत. आयर्लंडचं टपाल खातं १७८४ पासून वेगळं होतं, आणि मध्ये समुद्र. वारा फिरला की टपालाचं जहाज खोळंबे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की पत्र ही खाजगी वस्तू नव्हती. आलं की ते बैठकीत मोठ्याने वाचायचं, मग शेजारी, मग दुसऱ्या बहिणीकडे. कोणी 'आज काय लिहिलंय?' विचारलं तर दाखवायला नकार देणं हाच संशयाला पुरावा. आणि विचारणारा नवरा असेल, हशील त्याच्या खिशातून जात असेल, तर प्रश्नच मिटला.

अडचण

मोल्सवर्थ फिलिप्स हा थोरल्या भावाचा, जेम्सचा, दोस्त. दोघेही कॅप्टन कुकच्या शेवटच्या सफरीवर होते. १४ फेब्रुवारी १७७९ ला हवाई बेटांवर कुक मारला गेला तेव्हा किनाऱ्यावरच्या नौसैनिकांचा अधिकारी फिलिप्स होता. स्वतः जखमी असून होडीपर्यंत पोहत गेला आणि बुडणाऱ्या सहकाऱ्याला वाचवायला परत पाण्यात उतरला, अशी त्याची ख्याती. जानेवारी १७८२ मध्ये सुझनचं त्याच्याशी लग्न झालं. भावाचा जिवाभावाचा मित्र, वर शूर शिपाई. असं स्थळ कोण नाकारेल?

पहिली काही वर्षं बरी गेली. मुलं झाली. मिकलहॅमला नॉर्बरी पार्कच्या लॉक कुटुंबाचा शेजार लाभला. विल्यम आणि फ्रेडरिका लॉक हे दोघी बहिणींना घरच्यासारखे. पण नवरा हळूहळू बदलला, किंवा मूळचा दिसू लागला. पैशाची ओढाताण, लहरी, घराकडे पाठ. आयर्लंडच्या लाउथ परगण्यात बेलकॉटन इथे त्याला वडिलोपार्जित जमीन मिळाली होती, आणि त्याचं मन तिकडे धावत होतं. थोरला मुलगा नॉर्बरी याला त्याने आयर्लंडला नेऊन शिक्षकाकडे ठेवलं. १७९६ मध्ये सुझननेही यावं असा त्याने हेका धरला.

सुझनची प्रकृती आधीच नाजूक होती. बेलकॉटनचं घर राहण्याजोगं नाही हे ठाऊक होतं. माहेरची सगळी माणसं इंग्लंडात. पण एक मूल पलीकडे होतं.

समोरचे पर्याय

सरळ नकार देणं हा पहिला. आज वाचताना हाच पहिल्यांदा सुचतो, पण तेव्हाच्या कायद्यात त्याची किंमत भयंकर होती. लग्न झालेल्या बाईची मिळकत नवऱ्याची, आणि मुलांवर हक्क पूर्णपणे बापाचा. आईला लहान मुलांचा ताबा मागता येईल अशी पहिली तरतूद इंग्लंडात १८३९ मध्ये झाली, म्हणजे या घटनेनंतर ४३ वर्षांनी. सुझन राहिली असती तर नॉर्बरी गेलाच होता, बाकीची दोन मुलंही नवरा कधीही नेऊ शकला असता.

दुसरा मार्ग धर्मन्यायालयातून विभक्त होण्याचा. त्यासाठी व्यभिचार किंवा क्रौर्य सिद्ध करावं लागे, खर्च मोठा, गाजावाजा त्याहून मोठा. पूर्ण घटस्फोट पार्लमेंटात स्वतंत्र कायदा करूनच मिळे, तो बहुतेक श्रीमंत पुरुषांनाच. बर्नी कुटुंब प्रतिष्ठेवर जगणारं होतं. डॉ. बर्नींच्या शिकवण्या, फॅनीचं राजवाड्याकडून येणारं १०० पौंडांचं निवृत्तिवेतन, सगळं लोकांच्या चांगल्या मतावर उभं. हा मार्ग कोणी गंभीरपणे विचारात घेतला असेल असं वाटत नाही.

तिसरा, घरातल्या पुरुषांनी मध्ये पडणं. वडील सत्तरीचे, वादाला घाबरणारे. शिवाय सावत्र आई मरणपंथाला लागलेली, सुझन गेली त्याच महिन्यात ती वारली. जेम्स हा खरा माणूस, कारण फिलिप्स त्याचं ऐकला असता. पण तो मित्र आधी होता, भाऊ नंतर. धाकटा चार्ल्स ग्रिनिचला शाळा चालवण्यात गुंतलेला. फॅनीचा नवरा हा फिलिप्सचा साडू, पण फ्रेंच, आणि इंग्लंडचं फ्रान्सशी युद्ध चाललेलं. डिसेंबर १७९६ मध्ये फ्रेंच आरमार आयर्लंडच्या बँट्री उपसागरात घुसलं. वादळाने त्याला परतवलं, एरवी हजारो सैनिक उतरले असते. अशा वेळी एका फ्रेंच अधिकाऱ्याने आयर्लंडला जाऊन मेव्हणीच्या संसारात लक्ष घालणं अशक्यच होतं.

उरला चौथा: जाऊ देणं, गोडीत राहणं, पत्रांचा दोर तुटू न देणं, आणि नवऱ्याच्याच तोंडून 'जा माहेरी' असं वदवून घेणं. बर्नींनी हा निवडला. निवडला म्हणण्यापेक्षा, बाकीचे गळून पडल्यावर हा उरला.

काय केलं

आयर्लंडमधल्या वर्षांचा जो पत्रव्यवहार उरला आहे त्यात एक गोष्ट पदोपदी जाणवते. लिहिणाऱ्याच्या मनात कायम एक तिसरा वाचक आहे. फॅनीच्या पत्रांत घरच्या गमती आहेत, छोट्या अलेक्सच्या (तिचा मुलगा, जन्म डिसेंबर १७९४) करामती आहेत. कादंबरीच्या पैशातून वेस्ट हंबलला नवरा-बायकोने घर बांधलं, त्याच्या भिंती, बाग, नवऱ्याने चुकीच्या जागी लावलेल्या भाज्या, सगळं रंगवून येतं. मेजर फिलिप्सविरुद्ध उघड शब्द नाही. सुझन परत कधी येणार याची विचारणा मात्र वारंवार, पण लाडाच्या सुरात, मागणीच्या नाही.

सुझनही सांभाळून लिहिते. शेजारी चांगले आहेत, मुलगी अभ्यास करते, बाहेर अशांतता आहे. १७९८ मध्ये आयर्लंडात बंड झालं, त्या उन्हाळ्यात बहिणीच्या जिवाला इंग्लंडात घोर लागला. लाउथ परगणा वेक्सफर्डसारखा पेटला नाही एवढंच. पण ज्या गोष्टीसाठी खरं तर लिहायला हवं होतं, नवऱ्याचं वागणं, आपली खालावत चाललेली तब्येत, त्या ओळींच्या मधून हेराव्या लागतात.

इथे माझं मत सांगतो. या सावधपणात शहाणपण होतं, कारण फिलिप्स बिथरला तर पत्रंच बंद होण्याची भीती होती. पण त्याचा एक घातक परिणाम झाला. बहिणी एकमेकींना धीर देत राहिल्या आणि त्या धीराच्या शब्दांनी दोघींचीही फसगत झाली. सुझन आजार हलका करून सांगे, म्हणजे फॅनीला काळजी नको. फॅनी उत्साहाने लिही, म्हणजे सुझनला आशा राहो. पंचवीस वर्षं ज्या दोघी एकमेकींपासून काही लपवत नव्हत्या, त्यांनी नेमक्या जीवन-मरणाच्या तीन वर्षांत लपवायला सुरुवात केली, आणि तेही प्रेमाखातर.

त्यातच १७९८ मध्ये घरचा वासा फिरला. जेम्स बायकोमुलांना सोडून सावत्र बहीण सेरा हॅरिएट हिच्याबरोबर घराबाहेर पडला. दोघं १८०३ पर्यंत एकत्र राहिली. कुटुंबाला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. फिलिप्सला ज्याच्या शब्दाची थोडीफार चाड असती तोच असा बाजूला झाला. आणि 'तुम्ही मला संसार शिकवता?' असं म्हणायची सोय फिलिप्सला आयती झाली. असं तो म्हणाला याचा पुरावा नाही, पण म्हणायची गरजही नव्हती.

परिणाम

१७९९ च्या उत्तरार्धात सुझनची तब्येत इतकी बिघडली की फिलिप्सनेही हरकत घेणं सोडलं. प्रवास ठरला ऐन हिवाळ्यात. डब्लिनहून जहाजाने चेस्टरजवळच्या पार्कगेट बंदरात यायचं, तिथून गाडीने लंडन. भाऊ चार्ल्स तिला आणायला निघाला. वेस्ट हंबलला तयारी सुरू झाली. डिसेंबरच्या शेवटी ती किनाऱ्याला लागली. त्यापुढे ती गेली नाही. पार्कगेटजवळच्या नेस्टन गावी तिचं दफन झालं.

बहिणीची वाट पाहताना लिहिलेल्या एका पत्रावर फॅनीने नंतर टीप जोडली. आपल्या आयुष्यातल्या निर्भेळ सुखाच्या शेवटच्या काळातल्या या शेवटच्या ओळी, असं तिने त्यात म्हटलं आहे. दर वर्षी ६ जानेवारीला ती सुतक पाळायची. आणि ती स्वतः वारली ती ६ जानेवारी १८४० ला, बरोबर चाळीस वर्षांनी. (त्यानंतर चारच दिवसांनी ब्रिटनभर एका पेनीत पत्र जाऊ लागलं. ज्या बाईने सत्तर वर्षं पत्रं लिहिली तिला ते काही दिसलं नाही.)

फिलिप्सने लवकरच दुसरं लग्न केलं. पुढे तो लंडनला परतला, चार्ल्स लॅमसारख्या लेखकांच्या मंडळीत रमला. कुकचा शूर साथीदार, दिलदार म्हातारा कर्नल, अशी त्याची प्रतिमा झाली. १८३२ मध्ये कॉलऱ्याने गेला तोवर तिला तडा गेला नव्हता. का गेला नव्हता याचं उत्तर पुढच्या भागात आहे.

दुसरा निर्णय: पत्रांचं काय करायचं

१८१४ मध्ये डॉ. बर्नी गेले, १८१८ मध्ये दार्ब्ले गेले. फॅनीपाशी सगळ्या घराचे कागद जमा झाले: वडिलांचे, स्वतःचे, सुझनचे. पुढची कित्येक वर्षं ती ते चाळत बसली. वडिलांचे पुष्कळ कागद तिने नष्ट केले. स्वतःची आणि सुझनची पत्रं ठेवली, पण तशीच नाही. नको त्या ओळींवर दाट शाईची वेटोळी काढून त्या बुजवल्या, काही भाग कातरले, काहींवर कागद चिकटवले. सुझनच्या संसाराबद्दलचा मजकूर या कात्रीतून विशेषकरून गेला. जेम्स आणि सेराचं प्रकरणही.

का, हे समजणं अवघड नाही. सुझनची मुलं हयात होती, बाप त्यांचाही होता. आणि बर्नी हे नाव आता छापील पुस्तकांवर होतं, ते स्वच्छ राहायला हवं होतं. १८३७ मध्ये फॅनीचा एकुलता मुलगा वारला, म्हणून तिचे कागद भाची शार्लट बॅरेटकडे गेले. तिने १८४२ ते १८४६ या काळात त्यांचे सात खंड काढले. त्यांत राजवाडा आहे, कोशकार डॉ. जॉन्सन आहेत, फ्रेंच सरदार आहेत. सुझन आहे ती बहुतेक पत्राच्या मायन्यात, 'माझी लाडकी सुझन' म्हणून. तिचं काय झालं, हे ज्याला आधी माहीत नाही त्याला त्या खंडांतून कळत नाही.

विसाव्या शतकात हे कागद न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आणि लंडनला पोहोचले. कॅनडातल्या मॅगिल विद्यापीठात जॉइस हेमलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं बसून चिकटवलेले तुकडे सोडवले, वेटोळ्यांखालची अक्षरं भिंगाने लावली. बरंचसं वाचता आलं. जे कातरून टाकलं किंवा जाळलं ते अर्थातच गेलं.

निर्णयाच्या जागा, आणि काय वेगळं करता आलं असतं

१७९६ च्या ऑक्टोबरबद्दल मी बर्नींना फार दोष देणार नाही. मूल पलीकडे असताना आईला थांबवणं कोणालाच जमलं नसतं. चूक त्याच्या आधीची आहे. फिलिप्सने नॉर्बरीला आयर्लंडला नेलं तो क्षण निर्णायक होता, आणि तेव्हा तो कोणाला निर्णायक वाटला नाही. मुलाला शिकायला पाठवलं, एवढंच. त्याच वेळी डॉ. बर्नींनी नातवाला लंडनात चांगल्या शाळेत घालायचं म्हटलं असतं, धाकट्या मुलाचीच शाळा होती, खर्चही घरातच राहिला असता, तर पुढचा सगळा डाव वेगळा पडला असता. फिलिप्सला पैशाची अडचण होती, फुकट शिक्षण त्याने नाकारलं असतं असं नाही. नातवाच्या शाळेवरून कोणत्याही आजोबाला मध्ये पडता येतं, संसारावरून पडता येत नाही.

दुसरी जागा पत्रांतल्या सुराची. दोघींमध्ये आधीच ठरलेली एखादी खूण हवी होती. पंचवीस वर्षं लिहिणाऱ्या, टोपणनावं आणि घरगुती शब्द यांच्यात मुरलेल्या बहिणींना ते अवघड नव्हतं. 'बागेतलं अमुक झाड वाळलं' म्हणजे तब्येत गंभीर, असं काही. उरलेल्या पत्रांत अशी ठरवून वापरलेली खूण मला दिसत नाही. तिसऱ्या माणसाचा मार्गही होता: लॉक दांपत्य श्रीमंत, निरपेक्ष, फिलिप्सचे जुने यजमान. घराबाहेरच्या, वजनदार माणसाच्या निमंत्रणाला नाही म्हणणं त्याला अवघड गेलं असतं. सासरकडच्यांच्या विनवणीला 'नाही' म्हणण्यात मात्र एक प्रकारचा मान असतो, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको.

तिसरी जागा ऋतूची, आणि मला वाटतं इथेच सर्वांत जास्त वाचवण्यासारखं होतं. सुझनला आणण्याची खरी घाई तब्येत कोसळल्यावर सुरू झाली. १७९९ च्या मे-जूनमध्ये तोच प्रवास दिवस मोठे, समुद्र शांत, रस्ते कोरडे असताना झाला असता. ती तरीही वाचली असती का, सांगता येत नाही. निदान घरी पोहोचली असती. उन्हाळा का दवडला? कारण पत्रांतून आजार कळतच नव्हता, आणि परवानगी मागायची तर फिलिप्सची मर्जी बघून. म्हणजे पुन्हा दुसऱ्याच जागेपाशी येतो.

चौथी, खाडाखोडीची. फॅनीपुढे बुजवणं किंवा उघड करणं एवढे दोनच पर्याय नव्हते. कागद लाखबंद करून, अमुक वर्षांनी किंवा फिलिप्सच्या मुलांच्या पश्चात उघडावेत असं मृत्युपत्रात लिहिता येत होतं. वारसांना वाटणी कशी करायची याचा तिने तपशीलवार विचार केलाच होता: वडिलांचे कागद एका पुतण्याकडे, स्वतःचे भाचीकडे. एक पेटी जास्त. ते न केल्यामुळे मेजरची कीर्ती शाबूत राहिली, आणि सुझनची पत्रं स्वतंत्र ग्रंथात, तिच्या स्वतःच्या नावाने यायला २०१२ साल उजाडलं. तीही मुख्यतः लंडनच्या संगीतजीवनाची साक्ष म्हणून वाचली जातात.